विझलेला काटा

अंबाल्याहून पार्सल आलं.
मांजरपाटात शिवलेलं, शिवणीवर लाखेचे सात ठिपके.
सेलूच्या पोस्टात ते तीन दिवस पडून होतं,
कारण मी भाचीच्या साखरपुड्याला मानवतला
आणि दुकानाला कुलूप.

यादी माझीच होती:
व्हॉल्व्ह बारा, चालू असो नसो.
मीटर चार, लष्करी मोडीतले, काळ्या तबकडीचे.
धंद्यात आता गिऱ्हाईक कमी, हौस जास्त.
कळमनुरीचे एक डॉक्टर बापाचा रेडिओ बोलता करून मागतात,
तेवढ्यावर उस्ताद मोईनोद्दीनची कावी मी तापती ठेवलीय.

तीन मीटर धड निघाले.
चौथ्याची काच तडकलेली,
आकड्यांवरचा रंग पोपडे धरून सुटलेला
आणि भुश्यात थोडी पिवळी पूड.
शटर ओढलं, दिवा घालवला, बघितलं.
काहीच चमकलं नाही.
विझलंय, म्हटलं. बरं झालं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या अनसूया काष्टे
संध्याकाळी पेटी घेऊन आल्या, नळीला वायर लावलेली.
भिंतीजवळ: टिक. बऱ्याच वेळानं टिक.
व्हॉल्व्हजवळ भिंतीइतकंच.
चौथ्या मीटरजवळ
तापल्या कढईत ज्वारी टाकावी
तशी पेटी फुटायला लागली.

"चमक मेली ती वरच्या लेपाची," त्या म्हणाल्या,
"रेडियम कुठं मेलंय?
त्याला निम्मं व्हायला सोळाशे वर्षं."
सोळाशे वर्षांमागं
अजिंठ्याच्या कितीतरी भिंती कोऱ्या होत्या.
हे त्या म्हणाल्या की मी मनात म्हटलं, आठवत नाही.

"काच शाबूत असती तर लांबून बघत बसला असतात तरी चाललं असतं.
भीती धुळीची. पोटात जाते, छातीत बसते.
झाडू नका. ओल्या फडक्यानं टिपा, फडकंही बांधून ठेवा.
आणि फुंकू तर नकाच."

मी फुंकर मारली होती.
चाळीस वर्षांची खोड,
वस्तू हातात आली की आधी फुंकर, मग चष्मा.

उस्ताद तर काट्यांना रंग भरताना
कुंचल्याचं टोक ओठांवर वळवायचे.
शेवटी जबडा सुजला, खाणं बंद झालं.
दातांचं दुखणं, असं सगळी गल्ली म्हणाली.
मीही म्हणालो.

मीटर लोणच्याच्या बरणीत, बरणी पत्र्याच्या डब्यात.
विहिरीत नाही, उकिरड्यावर नाही,
भंगारवाल्या पोराच्या हातात तर नाहीच.
मुंबईला या कामाचं खातं आहे म्हणे, तिथं लिहायचं.

मग पोस्टात गेलो.
द्वारकाबाई मुंढे टपाल लावायलेल्या.
ज्या फळीवर पार्सल होतं
तिथंच त्यांचा डबा, दोन भाकरी, मिरचीचा खर्डा.
"रेडियम?" त्या हसल्या.
"जीपच्या नंबरला लावत्यात त्ये? माझ्या पोराचं दुकानच हाय की."
ते नाही बाई, ते नुसतं नावाचं.
हे खऱ्याचं.

अनसूयाबाईंनी पेटी फळीवर फिरवली.
टिक.
बऱ्याच वेळानं टिक.
मांजरपाट घट्ट होता, कुणीतरी दुहेरी टीप मारली होती.
तरी मी फळी पुसली,
द्वारकाबाई बघत राहिल्या, हसायच्या थांबल्या.
"आन् मला कुणी सांगितलं नसतं तर?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
डबा दुसरीकडं ठेवत जा, एवढं बोललो.

रात्री अंबाल्याला पत्र लिहिलं.
पैसे परत नकोत.
काच फुटलेला माल पाठवू नका,
आणि पाठवण्याआधी कुणाकडून तरी मोजून घ्या.
वाटेत माणसं असतात.

पाकीट चिकटवायला जीभ बाहेर काढली
आणि तशीच थांबली.
उठलो,
नळाखाली बोट भिजवलं.